मिनिटाला तेहतीस फेरे

वर्षभरात आपण पाश्चात्त्य अभिजात संगीतातले जाणकार होणार, असं काटेसाहेबांनी घरात जाहीर केलं, तेव्हा ते मेव्हण्यावर भयंकर चिडलेले होते. आणि का चिडू नये, तुम्हीच सांगा. जेवताना मेव्हण्यानं सहज विचारलं होतं, की भाऊजी, तुम्हाला कुठला संगीतकार जास्त आवडतो? मागे रेडिओवर काहीतरी वाजत होतं. काटेसाहेबांनी घास गिळून तिकडे बोट केलं आणि म्हणाले, "हा." ती बातम्यांआधीची धून निघाली. मेव्हणा हसला असता तर परवडलं असतं. तो नुसतं "वा" म्हणाला. ते "वा" काटेसाहेबांच्या घशात अडकलं ते अडकलंच.

काटेसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. वजनमापे खात्यात ते निरीक्षक होते आणि दुकानदाराच्या तराजूत पाच ग्रॅमची खोट असली तरी उंबऱ्यावरूनच ओळखत, म्हणून ऑफिसनं त्यांना हे नाव ठेवलं होतं. असा माणूस एखादी गोष्ट मनावर घेतो तेव्हा घरच्यांची काय गत होते, ते घरच्यांनाच ठाऊक. पहिल्याच आठवड्यात एक जुना रेकॉर्ड प्लेअर घरी आला. त्याचं वेगाचं बटण निखळलेलं होतं, ते कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्यानं बसवून दिलं. मग तबकड्या येऊ लागल्या. दोन महिन्यांत साठ झाल्या. भांड्यांच्या कपाटातले वरचे दोन कप्पे त्यांनी घेतले आणि भांडी पलंगाखाली गेली. तबकड्या संगीतकारांच्या जन्मसालाप्रमाणे लागल्या. शिवाय एक वही झाली, आणि तिच्यात प्रत्येक संगीतकाराला शंभरपैकी गुण: गांभीर्य, खोली, दुःख. दुःखात सगळेच पहिल्या वर्गात पास होत होते.

रोज संध्याकाळी ऐकणं चाले. तबकडीची एक बाजू पाऊण तास पुरायची. बायको म्हणायची, की माझी आठवड्याची इस्त्री उरकते तरी याचा पहिला सूर अजून ओढून होत नाही. या बिचाऱ्यांना कुणी पोटभर जेवायला घालत नव्हतं का, असंही तिनं एकदा विचारलं. काटेसाहेबांनी तिला समजावलं, की थोर माणसं घाई करत नाहीत. गाण्याची एक तबकडी होती. तिच्यावर चित्र एका नाजूक बाईचं, आणि आतून आवाज यायचा तो तालमीतल्या पैलवानाचा. त्यावर काटेसाहेबांचं म्हणणं असं, की रियाज म्हणजे काय ते यावरून कळतं.

त्यांची सगळ्यात लाडकी तबकडी होती ती बर्फातल्या घोडागाडीच्या चित्राची. वेष्टणावरची भाषा त्यांना वाचता येत नव्हती, पण भाषेची गरजच काय? खोल विहिरीत कुणी कण्हावं तसे सूर यायचे आणि तिसऱ्या तुकड्याला काटेसाहेबांचे डोळे भरून यायचे. दुःखात शंभरपैकी अठ्ठ्याण्णव. वर शेरा होता: "मृत्यूची चाहूल."

अशात त्यांच्या खात्याचे जुने मोठे साहेब वारले. ऑफिसच्या सभागृहात शोकसभा ठरली. सुरुवातीला काहीतरी वाजवावं असं हेडक्लार्कनं सुचवलं, आणि ते वाक्य पुरं व्हायच्या आत काटेसाहेबांनी जबाबदारी घेतली.

सभेला दीडशे माणसं होती. पुढच्या रांगेत मोठ्या साहेबांच्या पत्नी, मागे बाकीचं खातं, आणि त्यात काटेसाहेबांची बायकोही. घोडागाडीची तबकडी लाउडस्पीकरवाल्याच्या यंत्रावर चढवून काटेसाहेबांनी चार मिनिटं प्रास्ताविक केलं. संगीतकारानं आपल्या अखेरच्या दिवसांतलं सगळं दुःख या रचनेत पिळून ठेवलंय, आपण डोळे मिटून ऐकावं, असं सांगून त्यांनी स्वतः डोळे मिटले आणि लाउडस्पीकरवाल्याला खूण केली.

आणि सभागृहात नाच सुरू झाला.

दुसरा शब्द नाही. व्हायोलिनं खिदळत होती, बासऱ्या शिट्ट्या मारत होत्या, आणि मागून ढोलासारखं काहीतरी दुडक्या चालीनं पळत होतं. लेखापालाचा पाय ठेका धरू लागला, तो त्यानं हातानं दाबून धरला. टायपिस्ट बाईंनी रुमाल तोंडावर घेतला आणि त्यांचे खांदे हलू लागले. त्यांना रडू फुटलं असं समजून शेजारणीनं त्यांची पाठ थोपटली.

काटेसाहेब संतापानं लाल झाले. ते तडक यंत्रापाशी गेले आणि लाउडस्पीकरवाल्यावर उखडले, की मेलेल्या माणसाची तरी लाज बाळग, यंत्र दुप्पट पळतंय. तो म्हणाला, की साहेब, बरोबर तेहतीसवर आहे. अशी उत्तरं काटेसाहेबांनी हजार दुकानदारांकडून ऐकली होती. त्यांनी खिशातून स्टॉपवॉच काढलं, तबकडीच्या मधल्या कागदावर पेन्सिलीनं खूण केली आणि दीडशे लोकांसमोर, त्या नाचाच्या तालावर, मोठ्यानं फेरे मोजायला सुरुवात केली. शोकसभेत एवढी शांतता कुणी पाळली नसेल. मिनिट संपलं. तेहतीस फेरे झाले, वर थोडं.

"तुमचं घड्याळ तपासून घ्या," लाउडस्पीकरवाला म्हणाला.

हे वाक्य काटेसाहेबांना उभ्या जन्मात कुणी ऐकवलं नव्हतं. त्यांनी त्याला बाजूला सारलं आणि वेगाचं बटण स्वतः फिरवलं. सोळावर. तबकडी पेंगुळली, आणि ते ओळखीचं, विहिरीतलं कण्हणं सभागृहात पसरलं. "हे," ते समाधानानं म्हणाले, "हे खरं." आणि त्यांनी हात जोडले. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आपलं कानातलं यंत्र काढून फुंकर मारून पाहिली.

तेव्हा मोठ्या साहेबांच्या पत्नी उठल्या. सावकाश चालत यंत्रापाशी आल्या. काटेसाहेबांना वाटलं, आभार मानायला येताहेत.

"मघाशी होतं तसंच वाजू द्या," त्या हळूच म्हणाल्या. "चाळीस वर्षं आमच्या घरात सगळं या चालीनं झालं. चहा थंड व्हायचा, गाड्या चुकायच्या. आज तरी जरा भरभर होऊ द्या."

काटेसाहेबांनी बटण परत तेहतीसवर नेलं. नाच पुरता वाजला. शेवटी काही लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

घरी येईपर्यंत काटेसाहेब लाउडस्पीकरवाल्याला, हेडक्लार्कला, एकूणच घसरत चाललेल्या काळाला बोलत होते. चप्पल काढून बायको सरळ स्वयंपाकघरातून सुरी घेऊन आली आणि प्लेअरच्या बटणाखाली घालून तिनं ते उचकटलं. खाली पत्र्यावर आकडे कोरलेले होते. बटणाची खूण तेहतीसवर होती. आतला दांडा सोळावर. दुरुस्तीवाल्यानं ते एक घर सरकवून बसवलं होतं.

तिनं दांडा फिरवून बर्फातली घोडागाडी लावली. वीस-बावीस मिनिटांत बाजू संपली.

"म्हणजे हा माणूस सुखी होता," ती म्हणाली. तिला खरोखरच बरं वाटलेलं दिसलं. आपल्या भावाला मात्र तिनं यातलं अक्षर सांगितलं नाही, आणि लग्नाला सत्तावीस वर्षं होऊनही काटेसाहेबांना तिचे एवढे उपकार कधी वाटले नव्हते.

पण दुरुस्तीवाल्याला सोडणं शक्यच नव्हतं. आठ महिने! साठ संगीतकार! दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोचल्या पोचल्या त्यांनी तक्रारीचा छापील अर्ज ओढला आणि दात ओठ खात भरायला घेतला. दुकानाचं नाव, पत्ता, यंत्राचा प्रकार, दोषाचं स्वरूप. "खरा वेग तेहतीस, दिलेला वेग सोळा, तूट निम्मी." लिहिताना पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं.

सातव्या रकान्यात विचारलं होतं: सदर दोष तक्रारदाराच्या प्रथम केव्हा व कसा लक्षात आला?

काटेसाहेबांनी पेनाला टोपण लावलं. मग शिपायाला हाक मारून विचारलं, की आज कुणाच्या दुकानात तपासणीला जायचंय.