तीनशे बारा बायांच्या चष्म्यांची बखर

श्री शारदा प्रसन्न. जिच्या दारी अर्ज तीन प्रतींत द्यावा लागत नाही त्या वाग्देवतेस प्रथम वंदन, आणि ज्या पुण्यवंतांनी संदर्भसूची शेवटास न ठेविता आधीच लिहून ठेविली त्यांस दुसरे वंदन, आणि मग बखरीस आरंभ. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, भौमवासर, ते दिवशी विद्येच्या एका राज्यात मोठा प्रसंग गुदरला. राज्याचे नाव आम्ही लिहीत नाही. लिहिले तर तेथील मंडळी समिती नेमतील, आम्हांस खुलासा मागतील, आणि आमचे आता खुलासे देण्याचे वय राहिले नाही.

त्या राज्यात सुभे चार. एक यंत्रसुभा, दुसरा शिक्षणसुभा, तिसरा अर्थसुभा, चौथा आरोग्यसुभा. चहूंच्या इमारती समोरासमोर, मध्ये कारंजे, ते बंद. प्रत्येक सुभ्यास एक सुभेदार, चौघेही महापंडित, आणि चौघांची रीत ऐसी की आपल्या सुभ्याचा शोधनिबंध असेल तर मान डोलवावी आणि शेजारच्या सुभ्याचा असेल तर कानावर हात ठेवावे. आणखी एक रीत राज्यात होती ती चमत्कारिक. ज्या सुभेदाराने चाळिशीचा चष्मा लाविला त्याची सुभेदारी ढळली, आता निवृत्तीचा हार आणा, ऐसा सर्वत्र समज. म्हणोन पन्नाशी उलटली तरी एकही सुभेदार चष्मा लावीत नसे. कागद पुढे आला की हात लांब करावा, मान मागे न्यावी, "छपाई पुसट आहे हो" म्हणावे आणि सही कोठे करावयाची ते विचारावे, ऐसा कारभार चालला होता.

त्या राज्यात कमळजाबाई टेकाळे म्हणोन एक संशोधक होत्या. वय सत्तेचाळीस. वीस वर्षे आंबेदरा गावी सरकारी दवाखान्यात परिचारिका. त्या गावीच्या बाया जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवून बाजारी विकीत, परंतु चाळिशी आली की सुईचे नेढे दिसेना, दोरा ओववेना, आणि मग बोटांत कसब असोन बाई घरी बसे. आणि साक्षरतावर्गातही त्याच बाया मागे बसत आणि गुरुजी वहीत लिहीत की ग्रहणशक्ती नाही. ती वही कमळजाबाईंनी पाहिली आणि त्यांचे माथे भडकले. म्हणाल्या, "अहो गुरुजी, ग्रहणशक्ती चिक्कार आहे. तुमचा फळा दिसतो, पाटी दिसत नाही, एवढंच!" आणि मग सहा वर्षे त्यांनी दुसरे काही केले नाही. मोबाईलवर ओळी दाखवून चष्म्याचा नंबर ठरविण्याची युक्ती केली, बायांस चष्मे दिले, कोणाच्या वाकळा वाढल्या, कोण अक्षर शिकली, कोणाचे डोके दुखायचे थांबले, हे सर्व एकेकीच्या ओट्यावर बसोन लिहिले. बाया तीनशे बारा, ग्रंथाची पाने तीनशे शहाऐंशी, आणि आमच्या मते त्यातील एकही पान फुकट नाही. हे आम्ही सहसा कोणाच्या प्रबंधाविषयी म्हणत नाही.

परंतु घोडे अडले ते येथे. सहा वर्षांमागे राज्यात बहुशाखीय संशोधनाची टूम निघाली होती, तिच्यात बाईंचे नाव नोंदले गेले, वाजतगाजत गेले. मग टूम जुनी जाहली आणि मार्गदर्शक निवृत्त होऊन लेकाकडे परमुलखी गेले आणि तेथून सणासुदीस शुभेच्छा पाठवू लागले. आता नियम ऐसा की ग्रंथ दाखल करणे तर चहूंपैकी एका सुभ्याने विषय आपला म्हणोन शिक्का द्यावा. मुदत अष्टमी, भृगुवासर म्हणजे शुक्रवार, सायंकाळी पाच. शिक्का न मिळाल्यास नोंदणी रद्द, ग्रंथ रद्द, सहा वर्षे रद्द. हातात दिवस चार. म्हणोन पंचमीस बाई पदर खोचून निघाल्या.

प्रथम यंत्रसुभ्यात गेल्या. सुभेदारांनी ग्रंथ हातभर लांब धरिला आणि बोलिले, "वा, वा! फार मोठं काम. पण यात आमचं काय? मोबाईल तर आमच्या सासूबाईंकडेही आहे. हे डोळ्यांचं, आरोग्याकडे न्या." आणि पत्रकावर लिहिले की विषय निःसंशय आरोग्यसुभ्याचा, आणि सही ठोकिली. मग बाई आरोग्यसुभ्यात गेल्या. तेथे सुभेदार म्हणाले, "चाळिशी म्हणजे काय रोग आहे का बाई? ती सगळ्यांना येते. मला नाही आली, ते सोडा. वर्गात बसून शिकल्या ना बाया? मग शिक्षणसुभा!" आणि तैसेच लिहून दिले. शिक्षणसुभ्याच्या सुभेदारीणबाईंनी ग्रंथ उराशी धरिला आणि म्हणाल्या, "अगं, किती गोड गं! पण मध्ये ही सगळी कोष्टकं आहेत, त्यांनी मला गरगरतं. अर्थसुभ्यात जा, त्यांना कोष्टकं दिली की ते खूश." आणि अर्थसुभेदार खूश जाहले खरे, परंतु शेवटी बोलिले, "आकडे आहेत, मान्य. पण यात बाया आहेत. आमच्याकडे बाया नसतात, कुटुंब असतं. शिवाय मोबाईलची युक्ती आहे, म्हणजे यंत्रसुभा. निःसंशय." ऐसी सहीची चार पत्रके घेऊन निघाल्या तेथे बाई परत आल्या, आणि चौथा दिवस उजाडला.

भृगुवारी सकाळी कमळजाबाई नोंदणीच्या दफ्तरात येऊन बाकावर बसल्या. तेथे गुलाबराव वांजळे दफ्तरदार. एकतीस वर्षांची चाकरी, जाड भिंगांचा चष्मा दोरीने गळ्यात बांधिलेला, आणि राज्याची नियमावली पहिल्या पानापासोन शेवटच्या पानापर्यंत वाचिलेला इसम तोच एक. बाई म्हणाल्या, "गुलाबराव, संपलं सगळं. परगावच्या परीक्षकांनी वाचून नापास केलं असतं तर वाईट वाटलं नसतं, पण इथं कुणी उघडूनसुद्धा बघितलं नाही हो. आता आंबेदऱ्याला कोणत्या तोंडानं जाऊ? त्या बायांनी सहा वर्षं माझ्या प्रश्नांची उत्तरं दिली, भाकऱ्या खाऊ घातल्या." आणि त्यांच्या डोळ्यांस धार लागली. गुलाबराव म्हणाले, "ताई, रडू नका, कागद भिजतील. आणा ती पत्रकं इकडे." आणि मग चारही पत्रके त्यांनी उलटी करोन पाहिली, कारण कागद वाचवावा म्हणोन पत्रकाच्या पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत कलमे छापिली होती. नववे कलम वाचिले आणि गुलाबराव ऐसे हसिले की शेजारच्या मेजावरील बाई पाणी घेऊन धावल्या. कलम ऐसे होते: ज्या सुभ्याकडे दुसऱ्या सुभेदाराने सहीनिशी बोट दाखविले, त्या सुभ्याने विषय नाकारू नये, नाकारणे जाहल्यास ग्रंथ समग्र वाचोन कारण हुजुरांपुढे सांगावे. गुलाबराव म्हणाले, "ताई, तुम्हाला एक सुभा मिळत नव्हता. आता चार मिळालेत! सगळ्यांनी एकमेकांकडे बोट दाखवलंय, आणि मागची बाजू एकानंही वाचली नाही."

मग हुजुरांस वर्दी गेली. हुजूर म्हणजे राज्याचे कुलगुरुस्वामी, स्वभावे गोड. त्यांनी दुपारी तीन वाजता दरबार भरविला आणि चौघांस पाचारण केले. चौघे आले आणि आले तेच भांडत आले. हुजूर म्हणाले, "भांडण नंतर. आधी कलम नऊ मोठ्यानं वाचा कुणीतरी." यंत्रसुभेदारांनी पत्रक घेतले, हात लांब केला, आणखी लांब केला, आणि म्हणाले, "इथं उजेड कमी आहे," आणि शेजारी दिले. आरोग्यसुभेदार खिडकीपाशी गेले आणि म्हणाले, "उजेड फार आहे." सुभेदारीणबाई म्हणाल्या, "शाईच फिकी." अर्थसुभेदारांनी तर पत्रक खुर्चीवर ठेविले आणि दोन पावले मागे सरोन वाचू लागले. शेवटी हुजुरांनी स्वतः घेतले, क्षणभर पाहिले आणि हात खाली टाकोन म्हणाले, "मंडळी, खरं सांगू? गेली तीन वर्षं मलाही काही दिसत नाही. माझा हातच आता पुरत नाही." आणि दरबारात हसू फुटले, आधी चोरटे, मग उघड, आणि सुभेदारीणबाई तर पदर तोंडास लावोन हसता हसता खुर्चीत बसल्या.

कमळजाबाई काय समजायचे ते पंचमीसच समजल्या होत्या. तीनशे बारा बायांचे हात त्यांनी ऐसेच लांब होताना पाहिले होते. त्यांनी कापडी पिशवीतोन मोबाईल काढिला आणि म्हणाल्या, "साहेब, दहा मिनिटं द्या." आणि मग त्या संशोधक राहिल्या नाहीत, परिचारिका जाहल्या. "एका रांगेत बसा. हनुवटी खाली. डोळे बारीक करायचे नाहीत. अर्थवाले साहेब, शेजाऱ्याचं ऐकून सांगायचं नाही!" चौघे महापंडित आणि पाचवे हुजूर निमूट बसले, ओळी वाचिल्या, आणि पिशवीतोन पाच चष्मे निघाले, तेच, आंबेदऱ्यास वाटिले तैसे, साध्या तपकिरी काड्यांचे. हुजुरांनी चष्मा लावोन कलम नऊ खडाखडा वाचिले आणि बोलिले, "आता नाकारायचं असेल तर ग्रंथ वाचा." आणि मग चौघे ग्रंथाची पाने वाटून घेऊन वाचू लागले. दरबार इतका शांत पूर्वी जाहला नव्हता. अर्ध्या घटकेने यंत्रसुभेदार म्हणाले, "अहो, ही नंबर काढायची युक्ती तर अस्सल आहे! हा विषय आमचा." आरोग्यसुभेदार म्हणाले, "आमचा कसा नाही?" अर्थसुभेदार कोष्टकावरोन बोट फिरवीत म्हणाले, "हात लावू नका, हे आमचं." आणि सुभेदारीणबाई साक्षरतावर्गाच्या प्रकरणात होत्या आणि डोळे पुशीत होत्या. तंटा वाढला तेव्हा हुजूर म्हणाले, "चौघांचे शिक्के उमटवा." आणि पाचास पाच मिनिटे असता गुलाबरावांनी चार शिक्के उमटविले, आणि इतक्या जोराने की दौत सांडली.

मग फाल्गुन शुद्ध तृतीयेस खुली परीक्षा भरली. ग्रंथ दाखल होऊन इतक्या लवकर परीक्षा, ऐसी त्वरा राज्याने देखिली नव्हती. आंबेदऱ्याहून दोन टेम्पो भरोन एक्केचाळीस बाया आल्या, नव्या लुगड्यांत, चष्मे लावोन, आणि पुढच्या खुर्च्या अडवोन बसल्या. परगावचे परीक्षक आले, त्यांनी कठीण प्रश्न केले, बाईंनी न अडखळता उत्तरे दिली. मग रिवाजाप्रमाणे हुजूर म्हणाले, "सभेत कुणास काही विचारायचं आहे काय?" हे नुसते म्हणावयाचे असते, कोणी विचारीत नाही, सर्वांचे लक्ष चहाकडे असते. परंतु हा रिवाज आंबेदऱ्यास ठाऊक नव्हता. तानूबाई म्हणोन साठीच्या एक वाकळवाल्या ग्रंथ हाती घेऊन उभ्या राहिल्या आणि बोलिल्या, "मला इचारायचंय. कमळाबाई, ह्या पुस्तकात माजं नाव कुटं हाय? मगापासनं शोदतीय."

कमळजाबाई गडबडल्या. म्हणाल्या, "तानूबाई, नावं लिहायची नसतात, नियमच आहे. तुमची माहिती गुपित राहावी म्हणून. तुमचा नंबर एकशे सत्तेचाळीस."

"कसलं गुपित? चष्मा लावून आख्ख्या बाजारातनं फिरते मी. अन् बाई, नाव लिवायला शिकले ते काय नंबर व्हायला व्हय?"

परीक्षकांनी निवाड्याचा कागद हातातोन खाली ठेविला आणि म्हणाले, नियम मोडून नावे घातली तर पदवी देता यावयाची नाही. एकीकडे तानूबाई, एकीकडे सहा वर्षे. मग कमळजाबाई म्हणाल्या, "साहेब, बाई बरोबर बोलताहेत." हुजुरांनी मागे वळोन पाहिले, "गुलाबराव, कलम?" गुलाबराव उठले, गळ्यातील चष्मा नाकावर ठेविला आणि म्हणाले, "साहेब, नियम संशोधकाला आहे. संशोधकानं नावं लिहू नयेत. बायांनी आपलं नाव आपल्या हातानं लिहू नये, असं कलम कुठंही नाही." परीक्षक हसिले आणि आपल्या खिशातील पेन काढोन तानूबाईंपुढे धरिले.

मग ग्रंथाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर तानूबाई लिहू लागल्या. अक्षर सावकाश, काना लांब, वेलांटी घासून पुन्हा काढिलेली. तानूबाई सखाराम भोईटे. आणि मग मागे चाळीस बायांची रांग लागली, आणि एकीने लिहिले की दुसरी वाचोन पाही आणि म्हणे, "तुजा रफार ऱ्हायला गं," आणि पहिली पुन्हा पेन मागे. चहा निवला. परीक्षकांची बस निघोन गेली, त्यांनी खुशाल जाऊ दिली. त्या गलबल्यात हुजुरांनी उभे राहोन जाहीर केले की कमळजा टेकाळे यांस विद्यावाचस्पती पदवी देण्यात येत आहे, आणि चहू सुभ्यांनी टाळ्या वाजविल्या, परंतु ते कमळजाबाईंस ऐकूच गेले नाही. त्या दोन्ही तळव्यांनी पान सपाट धरोन उभ्या होत्या आणि एकेक नाव होताना पाहात होत्या.

एणेप्रमाणे वर्तमान जाहले. तो ग्रंथ गुलाबरावांनी ग्रंथालयात जाऊ दिला नाही, वर्षभर आपल्या मेजावर ठेविला, आणि आंबेदऱ्याहून ज्या बाया कामाने शहरात येत त्या लिहून जात. एकंदर गोषवारा: सुभे चार, ग्रंथ एक, चष्मे तीनशे सतरा, पाने वाढली ती नऊ. नावे तीनशे बारा. पैकी तीनशे नऊ स्वदस्तुरे, आणि तिघी मधल्या काळात वारल्या, त्यांची लेकींनी येऊन लिहिली. आम्ही सर्व वाचोन पाहिली. बखर समाप्त.