चौदा नंबरचं पान

शुक्रवारी सकाळी नकाशेवाल्यांनी चौदा नंबरचं पान खिडकीच्या काचेला लावून पाहिलं, आणि त्यांचा चहा तोंडाशी जाता जाता अर्ध्यावरच थांबला.

पान लावलं होतं ते काही संशयाने नव्हे. कागद किती जाड आहे, एवढंच बघायचं होतं. चाळीस वर्षं जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढलेला माणूस हातात आलेला कुठलाही कागद आधी उजेडावर धरतो, मग तो विजेच्या बिलाचा का असेना. उजेडावर पानावरचा जुन्या स्टेशनचा फोटो मागून दिसला. उजवीकडचा डोंगर डावीकडे गेला, डावीकडची पाण्याची टाकी उजवीकडे आली, आणि फोटोखाली पुलाजवळचं म्हणून लिहिलेलं स्टेशन बघता बघता खाणीजवळचं झालं. नकाशेवाल्यांनी पान सरळ करून पाहिलं, पुन्हा उलटं करून पाहिलं. तिथला लोहमार्ग त्यांनी नोकरीत तीनदा कागदावर उतरवला होता. फोटो उलटा छापला गेला होता, यात तिळमात्र शंका नव्हती.

या पानामागे एक वर्षाची मेहनत होती. त्यांचे व्याही, म्हणजे लेकीचे सासरे, फोटो स्टुडिओ चालवायचे. सगळे त्यांना स्टुडिओवालेच म्हणत. त्यांच्या आजोबांनी रेल्वेच्या एका फाट्यावरची सगळी स्टेशनं जुन्या काळी काचेच्या निगेटिव्हवर टिपून ठेवली होती. पुढे तो फाटा बंद झाला, रूळ उखडले, आणि स्टेशनांच्या इमारतींत कुठे पिठाची गिरणी आली, कुठे शाळा. काचांवर नावं नव्हती. कुठली काच कुठल्या स्टेशनची, हे दोघा व्याह्यांनी मिळून ओळखायचं आणि त्याचं पुस्तक करायचं, असं ठरलं होतं. स्टेशनं वीस, काचा एकोणीस. खाणीजवळच्या स्टेशनची काच फुटली असावी, असं सर्वानुमते ठरून गेलं होतं. लेक छापखान्यात पुस्तकांची पानं लावायचं काम करायची, त्यामुळे मांडणी आणि मजकूर तिच्याकडे होता. सोमवारी पुस्तक छपाईला जाणार होतं.

आता यात अडचण काय, चूक सांगून टाकायची, असं कोणालाही वाटेल. नकाशेवाल्यांनाही क्षणभर वाटलं. पण बायकोने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हातातलं काम खाली ठेवलं.

"काय सापडलं?" तिने विचारलं.

त्यांनी सांगितलं.

"बोलायचं नाही," ती म्हणाली. "मागे बोललात, त्याचं काय झालं ते आठवा."

मागे म्हणजे लग्नात. स्टुडिओवाल्यांनी स्वतः काढलेला दोन्ही घरच्यांचा फोटो नकाशेवाल्यांनी हातात घेतला, एक डोळा मिटला, आणि चारचौघांत सांगितलं की फोटो दोन अंशांनी कललाय. कललाच होता. पण त्यानंतर चार महिने दोन घरांत अबोला होता, आणि नवी सून त्या घरात कशी राहिली असेल हे तिचं तिलाच माहीत. लेकीने कधी तक्रार केली नाही, आणि तेच नकाशेवाल्यांना जास्त लागलं होतं. आता कुठे व्याही मोकळेपणाने बोलायला लागले होते. चूक सांगावी तर लेकीचं घर पुन्हा अवघडणार, आणि न सांगावी तर चूक पाचशे प्रतींत छापली जाणार. नकाशेवाल्यांच्या हातून आजवर एकही चुकीचा कागद गेला नव्हता. त्यांना दिवसभर जेवण गोड लागलं नाही.

संध्याकाळी त्यांना तोडगा सुचला. आपण सांगायचंच नाही. व्याह्यांना पुलाजवळच्या स्टेशनवर न्यायचं, फोटो हातात द्यायचा, आणि डोंगर बघायला लावायचा. माणूस डोळ्यांचा धंदा केलेला, त्याला आपोआप दिसेल. आपण फक्त आश्चर्य वाटल्यासारखं करायचं. त्यांनी फोन करून "शेवटची एकदा जागा बघून घेऊ" असं सुचवलं, आणि स्टुडिओवाले इतक्या चटकन तयार झाले की नकाशेवाल्यांना जरा नवलच वाटलं.

शनिवारी सकाळच्या बसने दोघं निघाले. पुलाजवळच्या स्टेशनात आता गाद्यांचा कारखाना होता. तिकीटखिडकीतून कापसाचा धुरळा बाहेर येत होता आणि फलाटावर खोळी वाळत घातल्या होत्या. नकाशेवाल्यांनी पिशवीतून मोजपट्टी काढली आणि व्याह्यांना फलाटाच्या टोकाशी उभं केलं.

"इथून डोंगर कुठे दिसतो हो?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

स्टुडिओवाल्यांनी डोंगराकडे पाठ केली आणि टाकीच्या चौथऱ्याचं निरीक्षण सुरू केलं. "तुम्हीच बघा ना," ते म्हणाले. "नकाशाचं ज्ञान तुमचं. काही वेगळं वाटतंय का तुम्हाला?"

"मला काय वाटणार? फोटोतलं तुम्हाला कळतं."

"नाही, पण वळण वगैरे..."

"वळणाला काय झालंय?"

असा खो-खो पंधरा मिनिटं चालला. दोघं एकमेकांना डोंगर दाखवत होते आणि कोणीच तो बघत नव्हतं. तेवढ्यात कारखान्याच्या मालकीणबाई बाहेर आल्या. मोजपट्टी घेतलेले दोन म्हातारे बघून त्यांना आधी जागेची मोजणी आल्याचा संशय आला, आणि त्यांनी आवाजही चढवला. तेव्हा नकाशेवाल्यांनी घाईघाईने चौदा नंबरचं पान त्यांच्यापुढे धरलं आणि पुस्तकाची हकीकत सांगितली. बाईंनी हात पुसले आणि पान घेतलं.

"हे आमचे आजेसासरे," त्या म्हणाल्या.

फलाटावर कोट घालून उभ्या असलेल्या माणसावर त्यांनी बोट ठेवलं. आजेसासरे याच मार्गावर गार्ड होते. घरात त्यांचा एकच फोटो होता, तो पुरात गेला. बाईंनी आतून शिवणाऱ्या बायकांना बोलावलं, कापूस पिंजणाऱ्याला बोलावलं, शेजारच्या दुकानदारालाही हाक मारली. सगळ्यांनी पान हातोहात फिरवलं आणि नाक अगदी धाकट्या दिरासारखंच आहे यावर एकमत झालं. एका बाईने तर डोळ्यांना पदर लावला. तिचा त्या घराण्याशी काही संबंध नव्हता, पण वातावरणच तसं झालं होतं.

नकाशेवाले व्याह्यांना चूक दाखवायला आले होते, आणि आता या बाईंच्या स्टेशनचा मान काढून घ्यायची पाळी येणार होती. "आमच्या कारखान्याची जागा पुस्तकात येणार," असं बाई शेजाऱ्याला सांगतही सुटल्या होत्या.

मग बाईंनी पान डोळ्यांजवळ नेलं.

"एक विचारू? आजेसासऱ्यांच्या डाव्या गालावर मोठा तीळ होता, असं सासूबाई सांगायच्या. इथे तो उजव्या गालावर कसा?"

सत्य आपल्या पायांनी चालत येऊन उभं राहिलं होतं, फक्त "या" म्हणायचा अवकाश होता.

"उन्हामुळे," स्टुडिओवाले ठामपणे म्हणाले. "जुन्या काचेवर ऊन तिरपं पडलं की तीळ सरकतो."

"अगदी बरोबर," नकाशेवाले म्हणाले. "नकाशातसुद्धा कधीकधी विहिरी सरकतात."

आणि दोघांनी चमकून एकमेकांकडे पाहिलं. पन्नास वर्षं फोटो धुतलेला माणूस तीळ सरकतो म्हणत होता, आणि विहीर तसूभर सरकली तर हाताखालच्याला नकाशा पुन्हा काढायला लावणारा माणूस मान डोलावत होता. बाईंनी एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि चहा मागवला. निघताना त्यांनी पुस्तकासाठी फोन कुठे करायचा ते विचारून घेतलं. स्टुडिओवाल्यांनी सुनेचा नंबर दिला.

परतीची बस सुटली.

"केव्हापासून माहीत आहे?" नकाशेवाल्यांनी विचारलं.

"पंधरा दिवस झाले. काच मीच उलटी ठेवली फोटो छापताना. तुम्हाला?"

"कालपासून. पण मग तुम्ही बोलला का नाहीत?"

स्टुडिओवाले खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ते स्टेशन सूनबाईने ओळखलंय. बाकीची आपण दोघांनी ओळखली, हे एकटीने तिने. पानावर नाव आहे तिचं. ओळखलं त्या दिवशी घरभर सांगत फिरत होती. ते चार महिने पोरीने आमच्या घरात मान खाली घालून काढले, व्याहीबुवा. आता तिचा आनंद मी माझ्या तोंडाने काढून घेऊ? म्हटलं, तुम्ही तिचे वडील, तुम्ही सांगितलंत तर तिला लागणार नाही."

नकाशेवाल्यांना हे ऐकून फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की त्यांनी व्याह्यांचा हात धरला आणि दोन स्टॉप तसाच धरून ठेवला. मग त्यांनी आपली बाजू सांगितली, आणि लग्नातला तो फोटो खरं म्हणजे फार चांगला होता असंही म्हणाले. स्टुडिओवाले म्हणाले की तो कललाच होता. राहिलेला रस्ता, सूनबाईला कोणी सांगायचं यावर वाद घालण्यात गेला, आणि शेवटी दोघांनी मिळून सांगायचं ठरलं.

स्टुडिओवाल्यांच्या घरी लेक टेबलाशी पानं पसरून बसली होती. इकडच्या वडिलांना ती "ए बाबा" म्हणायची आणि तिकडच्यांना "अहो बाबा", त्यामुळे दोघं एकत्र असले की कोण कुठला हे कळायला सोपं जायचं.

"चौदा नंबरच्या पानाचं जरा बोलायचं होतं," स्टुडिओवाल्यांनी सुरुवात केली. "चूक माझी आहे."

"त्यांची नाही, माझी," नकाशेवाले म्हणाले. "मी आधीच बघायला हवं होतं."

"फोटो उलटा आहे, तेच ना?" ती म्हणाली. "तासाभरापूर्वी सरळ केला. खाली खाणीजवळचं स्टेशन असंही लिहिलं."

दोघांनी एकदमच पानाकडे हात नेला.

"गादीवाल्या बाईंचा फोन आला होता. म्हणाल्या, तुमचे दोन्ही बाबा सज्जन आहेत, पण त्यांना खोटं बोलता येत नाही. आमचा जन्म खोळी उलट्या शिवून सरळ करण्यात गेला, उलटं काय ते आम्हाला लगेच कळतं. कोटाची बटणंसुद्धा उलटी लागलीत म्हणाल्या. आमचा कारखाना पुस्तकात नसला तरी चालेल, पण आजेसासरे सरळ उभे राहिले पाहिजेत."

"तुला वाईट नाही ना वाटलं?" नकाशेवाल्यांनी हळूच विचारलं.

"फोटोचं नाही वाटलं." तिने एकोणीस पानांचा गठ्ठा दोघांच्या पुढ्यात सरकवला. "अहो बाबा, ए बाबा, आता खरं सांगा. वर्षभरात मी अजून कुठे चुकले आणि तुम्ही दोघं मूग गिळून बसलात?"

स्टुडिओवाल्यांनी नकाशेवाल्यांकडे पाहिलं. नकाशेवाल्यांनी छताकडे पाहिलं.

"नऊ नंबरच्या पानावर," स्टुडिओवाले घसा साफ करत म्हणाले, "सिग्नलला दिव्याचा खांब म्हटलंय."

"सतरावर दिशा चुकलीय," नकाशेवाले म्हणाले. "आणि तीनवर, पाचवर आणि..."

"पाचवर काही चूक नाही," स्टुडिओवाले म्हणाले.

"आहे, व्याहीबुवा. आणि ती तुमची आहे."

लेकीने पेन्सिलीला टोक केलं, दोघांसाठी खुर्च्या ओढल्या, आणि स्वतः मधे बसली.