इनामदार जेवायला बसला

मराठी विभाग वाचवायचा तर मीच वाचवणार, असं मी स्टाफरूममध्ये टेबलावर हात आपटून सांगितलं होतं! आमच्या कॉलेजात मराठी घ्यायला जेमतेम अकरा पोरं उरली होती. महिनाअखेरच्या शनिवारपर्यंत वीस झाली नाहीत तर विभाग बंद, असं संस्थेचे अध्यक्ष आकारामआप्पा बोलून बसले होते.

पोरं पुस्तक उघडत नाहीत, मोबाइल मात्र सोडत नाहीत. म्हटलं, अभ्यासक्रमातल्या शंभर वर्षं जुन्या कादंबरीचा व्हिडिओ गेमच करू! कादंबरी म्हणजे शोकांतिका. एकट्या बनाबाईचं घर जाळायला इनामदार मशाल घेऊन येतो आणि ती घरासकट जळते. बावीस वर्षं शिकवतोय, शेवटच्या पानाला दरवर्षी माझा आवाज फाटतो.

गेम करायला धरला माझा मेव्हणा विश्वजित. गडमुडशिंगी गावचा, कॉम्प्युटरमधला. त्याला बजावलं, "इनामदार दारात आला की तीन बटणं. दार लावा, भांडा, हात जोडा. कुठलंही दाबलं तरी बनाबाई मेली पाहिजे!"

आठ दिवसांनी बघतो तर चौथं बटण! 'या पावणं, जेवून जावा.'

"अरे विश्वजित, हे काय?"

"दारात आलेल्याला जेवा म्हणायचं न्हाय व्हय दाजी? गावात तोंड दाखवू का नको मी?"

"अरे, तो घर जाळायला आलाय!"

"मग जेवून जाळंल की!"

मी कपाळाला हात लावला. ते बटण काढ, म्हणून शपथ घातली. काढलं म्हणाला गडी.

शनिवारी हॉल गच्च! पडद्यावर गेम, समोर आप्पा, मागं दीडशे पोरं. माझी छाती फुगलेली. इनामदार दारात आला. आप्पांनी बटणं न्याहाळली आणि माझ्याकडं वळले. "मास्तर, ह्यात जेवायचं इचारायचं कुठं हाय?"

"तसं नाहीये आप्पा..."

"दार लावायचं बटण दाबून धरा, आप्पा!" मागून विश्वजित ओरडला.

काढलं नव्हतंच, लपवलं होतं मेल्यानं!

इनामदार पाटावर बसला. बनाबाईनं त्याच्या हातातली मशाल घेऊन सरळ चुलीत सारली, रस्सा तापवायला! आप्पा बटण दाबदाबून वाढतायत, पोरं ओरडतायत, "पांढरा रस्सा वाढा, आप्पा! भाकरी संपली बघा त्याची!" तिसऱ्या वाटीला इनामदारानं ढेकर दिला आणि ओसरीवर आडवा होऊन घोरायला लागला. पडद्यावर अक्षरं आली, 'बनाबाई जिंकली!' हॉल शिट्ट्यांनी दणाणला.

माझं डोकंच फिरलं. उभा राहून ओरडलो, "अहो, ती मरते! ती मेलीच पाहिजे! मरते म्हणून तर ती कादंबरी थोर आहे!"

आप्पा सावकाश उठले. "मास्तर, दारात आलेल्याला पोटभर घालणाऱ्या बाईला जाळतायसा? माणूस हायसा का कोण?"

पहिल्या बाकावरची क्रांती मराठीचा फॉर्म भरून घेऊन आली होती. तिचे डोळे भरले. "सर, परीक्षेत पण आमी तिला मारायचं?"

फॉर्म घडी घालून पर्समध्ये. गेली! तिच्यामागं बाकीचे गेले. सायंकाळी मोजले तर अकराचे चार राहिले. सोमवारी विभागाला कुलूप लागलं. गेलेल्यांतला एक तर मला विचारून गेला, "सर, तो पांढरा रस्सा पुस्तकात कितव्या पानावर हाय?"

आता मी संस्थेच्याच हॉटेल मॅनेजमेंटला असतो. तिथं तो गेम जोरात चालतो, साठ प्रवेश झालेत. मी 'पाहुण्यांशी संवाद' शिकवतो. बायको, अनुजा, माहेरी फोनवर हसून हसून सांगते. मला रडायलाही येत नाही.

परवा मात्र रिकाम्या वर्गात एकटा बसलो होतो. म्हटलं, निदान आपण तरी कादंबरीशी इमान राखू, शेवट नीट करू. गेम लावला. इनामदार मशाल घेऊन दारात आला. बावीस वर्षांत बावीस वेळा मारलेली बनाबाई माझ्याकडं बघत उभी.

काय करणार? वाढलं. दोनदा वाढलं.