पुस्तकातली खोली

दौंडच्या प्लॅटफॉर्मवर भिवा कोळपे यांना कुणी "काय आप्पा, कसं काय?" असं विचारलं, की ते थांबत, डोळे बारीक करत आणि म्हणत, "एकशेबारा." एवढं सांगून चालू लागत. एका पाहुण्याने तर हा गाडीचा नंबर समजून तिची दोन तास वाट पाहिली होती.

आप्पा रेल्वेच्या तारखात्यात फिटर होते आणि मी बुकिंग क्लार्क. आमच्या क्वार्टरांमध्ये एकच भिंत, तीही पत्र्यापर्यंत न पोचलेली. आप्पांचं गाव कवठे येमाई, वडील मेंढरं राखायचे, शिक्षण सातवी. पण डोक्यात एकदा किडा शिरला की तो निघायचा नाही.

साठ सालानंतरची ही गोष्ट. आवाज मोठा करणारा ट्रान्झिस्टर नावाचा सुटा भाग तेव्हा नवलाची चीज होती. पुण्याच्या जुन्या बाजारातून आप्पांनी वाटाण्याएवढे दोन मिळवले होते आणि त्यांपासून ते बायकोसाठी कानाचं यंत्र बनवत होते. विषमज्वरात गयाबाईंचे कान गेले त्याला नऊ वर्षं झाली होती.

ट्रान्झिस्टरच्या पोटात दोन जातींचं जर्मेनियम जिथं जोडलेलं असतं, त्या जागेला आप्पा रेल्वेच्या रिवाजाने 'सांधा' म्हणत. त्या सांध्यावर व्होल्टेज किती पडायला हवं याचं गणित करायचं, आणि तेवढंच पडतंय का ते मीटरने बघायचं. गणितात येई दीडशे मिलिव्होल्ट, म्हणजे व्होल्टचे दीडशे हजारांश. मीटर दाखवी एकशेबारा. एवढ्याशा फरकापायी जेवण विसरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तसं यंत्र सकाळी झकास चाले. गयाबाईंना दूधवाला ऐकू येई, शेजारणींची भांडणं ऐकू येत, माझा खोकलासुद्धा ऐकू येई. ऊन चढलं की घरघर सुरू होई आणि बाराच्या सुमारास यंत्र मुकं होई. आप्पांची ड्यूटी सहा ते दोन. रात्री पत्रा निवेपर्यंत ते घोरायला लागलेले असत. म्हणजे नऊ वर्षांनी त्या बाईला क्वार्टरांच्या सगळ्या लाइनीतले आवाज ऐकू आले, एक नवऱ्याचा सोडून.

"पण रविवारी सकाळी तुम्ही घरी असता की," मी एकदा म्हणालो.

"रविवारी मीटर लावल्याला असतो. मीटर लावला की कान कसा लावनार?" आप्पा म्हणाले आणि उगाचच पक्कड शोधू लागले.

गणिताचं पुस्तक इंग्रजी. ते मी वाचून मराठीत सांगायचो, लॉगची कोष्टकंही मीच बघायचो. त्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. उत्तर आलं की आप्पा म्हणायचे, "ताळा करा, बाबूसाहेब." माझा गुणाकार निर्दोष ठरला, तेव्हा संशय सेलवर गेला. सेल दुपारपर्यंत दमतो, असं त्यांचं मत होतं. नवा सेल आणला, तोही दमलेलाच निघाला. मग मीटरची पाळी आली. रविवारी सकाळी तोच मीटर एकशेचाळीस दाखवायचा, म्हणजे लबाड तोच. आप्पांनी सगळं बाड फडक्यात गुंडाळलं आणि एसटीने शिरूर गाठलं. तिथल्या सायन्सच्या मास्तरांकडे दुसरा मीटर होता. भर दुपारी त्यानेही एकशेबाराच दाखवलं.

मे महिन्यात एका दुपारी ते घामाघूम होऊन माझ्या दारात आले.

"बाबूसाहेब, पुस्तकात गणिताच्या आधी काय म्हणलंय?"

"खोलीचं तापमान वीस अंश धरावं."

"व्हय. पर ही खोली कुटली?"

ते वाक्य मी तीसेक वेळा वाचून दाखवलं असेल. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी पहिलं पान उघडलं. पुस्तक लंडनचं.

"आन् आपली खोली बेचाळीस!" आप्पांनी थर्मामीटर माझ्या नाकासमोर धरला. "सांधा तापला की व्होल्टेज उतरतंय. सेल बी खरा, मीटर बी खरा. आपुन दोघं दोन म्हैनं सायबाच्या खोलीत बसून गनित करतोय!"

बेचाळीस धरून सगळं पहिल्यापासून मांडलं. उत्तर आलं एकशेतेरा. आप्पांनी आकड्याखाली रेघ ओढली. "एकाचा फरक चालंल," ते हळूच म्हणाले. "तेवढा मानसाचा असतो."

पण नवं संकट उभं राहिलं. यंत्र दुपारच्या उन्हाला जुळवलं तर सकाळी गप्प बसणार. आप्पांनी हातवारे करून गयाबाईंना विचारलं, सूर्य खाली की डोक्यावर?

"दूधवाल्याचं ऐकून झालं," बाई म्हणाल्या. "दुपारचं करा."

दुसऱ्या दिवशी अडीच वाजता मला बोलावणं आलं. पत्रा तडतडत होता. गयाबाईंनी यंत्राची बोंडी कानात घातली आणि नवऱ्याकडे बघितलं. आप्पांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

मला हसू येईना. भिंतीपलीकडून मी वर्षानुवर्षं ऐकत आलो होतो. बायको चुलीपाशी पाठमोरी बसली की हा माणूस तिच्याशी अखंड बोलायचा. वडगाव रासाईच्या तिच्या माहेरच्या नदीचं, साहेबाच्या रागाचं, तिच्या केसांचं. आमच्या लाइनीतला कुठलाच नवरा बायकोशी असं बोलत नव्हता. आता तिला ऐकू येणार म्हटल्यावर त्याची जीभच उचलेना. बिचाऱ्याने मीटरकडे बघितलं.

"एकशे..."

"आकडा नगं," गयाबाई म्हणाल्या. "पाठीमागं बोलता ते बोला. चुलीपल्याडच्या चकचकीत पितळी डब्यात तुमचं तोंड हलताना दिसतंया मला. नऊ वर्सं बगतीया."

आप्पांचे कान लाल झाले. त्यांनी घसा साफ केला.

"गया... जेवलीस का?"

बाईंनी मान कलती करून ऐकलं. मग पदर डोळ्यांना लावत म्हणाल्या, "अवं, आवाज म्हातारा झाला की तुमचा!"

आप्पा हसायला गेले आणि त्यांना रडू फुटलं.

"रडू नगा," गयाबाई म्हणाल्या. "बोला."