गोडधांड्याची चाचणी

जमुनाने समोरच्या हिरव्या ढिगाचा वास घेतला, एक कान हलवला आणि तोंड फिरवून खाली बसली.

डॉ. वसंत उमाळकरांच्या कपाळाची शीर तट्ट फुगली. चाऱ्याच्या ज्वारीचा हा वाण तयार करण्यात त्यांची अर्धी नोकरी गेली होती. 'गोडधांडा' हे नावही त्यांनीच ठेवलं होतं. आज भातकुलीजवळ चंद्रभानच्या गोठ्यापुढे त्याची शेवटची चाचणी होती. चार चाऱ्यांचे चार ढीग, मध्ये गाय आणि खुर्च्यांवर वाण मंजूर करणारी समिती. गाय ज्या ढिगाला पसंती देईल, तो चारा चवदार. डॉक्टर पुढच्या महिन्यात निवृत्त होणार होते. आज मंजुरी हुकली, तर गोडधांडा कायमचा कपाटात जाणार होता.

"गाय आजारी आहे का?" समितीच्या अध्यक्षांनी विचारलं.

"आजारी? माही जमुना?" चंद्रभानची बायको सुभद्रा कमरेला पदर खोचून पुढे आली. "कालच दावं तोडून नाल्यापर्यंत पळाली ते! आजारी म्हणून राहिले तिले!"

"बाई, रात्रीपासून हिला उपाशी ठेवायला सांगितलं होतं ना?" डॉक्टर दातओठ खात म्हणाले.

"सांगतलं होतं ना जी," सुभद्रा गोठ्याच्या छपराकडे पाहत म्हणाली. चंद्रभानला एकाएकी खोकला आला.

अध्यक्षांनी दुसरं जनावर मागवलं. शेजारच्या केशरबाईची गाय आली. अंग धुतलेलं, शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरं. तिने चारही ढिगांवरून नाक फिरवलं आणि अध्यक्षांच्या तोंडासमोर भलीमोठी ढेकर दिली. मग पंजाबरावांचा गोऱ्हा आला. मग कुणाची तरी कालवड. गुरं हळदीकुंकवाला आल्यासारखी येत होती, मान डोलवत होती आणि परत जात होती.

अध्यक्षांनी पेन उघडलं. "चव, शून्य."

"शून्य?" डॉक्टर खुर्चीवरून उठले. त्यांनी ढिगातला एक धांडा उपसला, दाताने सोलला आणि कचाकचा चावला. हनुवटीवरून रस ओघळला. "हे पाहा! साखर आहे साखर! ही गुरं आहेत की कोण आहेत?"

"उमाळकर, तुम्ही खाऊन चालत नाही. तुम्ही जनावरांत मोडत नाही."

"मग मोडायला काय करावं लागतं ते सांगा!"

वातावरण तापलेलं पाहून चंद्रभान मध्ये पडला. "जाऊ द्या, सायेब. अगोदर जेवून घ्या. रोडगे अन् वांग्याची भाजी केली हाय."

"नको नको, मी घरून जेवूनच निघालोय," डॉक्टर म्हणाले.

"आम्हीसुद्धा," अध्यक्ष म्हणाले. "चहा चालेल. अर्धाच."

सुभद्राच्या हातातलं ताट तसंच राहिलं. "मी पहाटेपासून गोवऱ्यांच्या धुरात बसून रोडगे भाजून राहिली, अन् तुमी चाखत बी नाही? मंग मी बी लिहू काय? सुभद्राचे रोडगे, चव शून्य?"

"अहो, तसं नाही," डॉक्टर ओशाळले. "लोकांच्या घरी उपाशी जायचं आणि अन्नावर तुटून पडायचं, बरं दिसतं का ते?"

"मंग माह्या जमुनाले बरं दिसते?"

चंद्रभानला पुन्हा खोकला आला, पण या वेळी तो उपयोगी पडला नाही.

"तिनं पहाटे टोपलंभर ढेप चारली, सायेब. सरकीची," तो म्हणाला. "मी नाही म्हणत होतो."

"चारली! काहून नाही चारणार?" सुभद्रा कडाडली. "एवढे मोठे लोक येणार, अन् गाय अधाशावानी तुटून पडली त गाव काय म्हणीन? सुभद्रा ढोरं उपाशी मारते?"

"मी बी चारली!" कुंपणापलीकडून केशरबाई ओरडली. "तिची जेवून येईन अन् माही उपाशी येईन काय?"

"म्हणजे माझ्या धांड्यात खोट नाही!" डॉक्टरांनी टाळी वाजवली. "खोडा ते शून्य!"

"गाय खाईल तेव्हा खोडू," अध्यक्ष म्हणाले.

"मग तिला भूक लागेपर्यंत थांबू!"

"थांबता त जेवा," सुभद्राने ताट पुढे केलं. आता नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती.

भरल्या पोटावर तुपात बुडवलेले रोडगे गेले. वर आग्रहाचे आणखी गेले. समिती कडुलिंबाखालच्या खुर्च्यांवर टेकली आणि बघता बघता घोरू लागली. डॉक्टर मात्र डोळे ताणून गायीकडे पाहत होते. तेही फार वेळ नाही.

जाग आली तेव्हा ऊन कललं होतं. तीन ढीग जसेच्या तसे होते. गोडधांड्याचा ढीग मात्र गायब होता. जमुना तिथली मातीसुद्धा चाटत होती.

"खाल्लं! सगळं खाल्लं!" डॉक्टर नाचायचेच बाकी होते. "लिहा!"

"कुणी पाहिलं?" अध्यक्षांनी डोळे चोळत विचारलं.

समितीने समितीकडे पाहिलं. चंद्रभान अजून घोरत होता.

"मी मागं भांडे घासून राहिली होती," सुभद्रा म्हणाली.

"मग गायीनंच खाल्लं कशावरून? समितीच्या डोळ्यांदेखत झालं तरच चाचणी," अध्यक्ष म्हणाले. "पुढच्या आठवड्यात पुन्हा येऊ."

"डोळ्यांदेखतच झालंय! डोळे तुम्ही मिटले होते!" डॉक्टर ओरडले. पण गाडीचं दार लागलं होतं.

दुसऱ्या चाचणीच्या आदल्या संध्याकाळी डॉक्टरांनी सुभद्राला फोन केला. "जमुनाला काडी द्यायची नाही. शप्पथ घ्या."

"नाही देत जी. पण तुमी बी घरून जेवून नका येजा."

"शब्द देतो."

सकाळी घरी डॉक्टर बूट घालत होते, तर त्यांच्या पत्नी रमाबाई ताट घेऊन दारात उभ्या. "दोन पोळ्या तरी खाऊन जा. त्या बाईंकडे सगळ्यांसमोर तुटून पडलात, तर माझी काय शोभा राहील?"

डॉक्टरांनी रागाने तोंड उघडलं. पोळ्यांवर तूप वितळत होतं. त्यांनी बूट काढले आणि ते बसले.

ते हात धुऊन उठले तेव्हा रमाबाईंनी एक गरम डबा त्यांच्या हातात ठेवला.

"हा कुणाला?"

"जमुनाला. रिकाम्या हातानं जाऊ नये. सुभद्राबाईंना विचारलं मी फोनवर. तिला पुरणाची पोळी आवडते म्हणाल्या. पोचल्याबरोबर द्या, गरम आहे तोवर."