आबा चहाला येतो म्हणाले

आबा चहाला येतो म्हणाले, की माणूस त्या दिवशी घरी जायला टाळाटाळ करायचा.

बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं दूध शीतकरण केंद्र होतं. पत्र्याची लांबलचक शेड, पुढं धक्का, आणि धक्क्यावर सकाळ-संध्याकाळ गावोगावच्या गाड्यांतून उतरणारे दुधाचे कॅन. या धक्क्यावर तीस माणसं राबायची आणि त्यांचे मुकादम होते गेनबा आबा. डोक्याला तांबडं मुंडासं. स्वच्छतेसाठी कंपनीनं सगळ्यांना पांढऱ्या टोप्या दिल्या, तेव्हा आबांनी ती टोपी मुंडाशावर चढवली. नियम मोडला नाही आणि मुंडासंही सोडलं नाही.

कुणाचं काही चुकलं, तर आबा धक्क्यावर चकार शब्द काढत नसत. नुसतं विचारत, "घरी कोण कोण हाय?" आणि पाठोपाठ, "उद्या येतो चहाला."

दुसऱ्या दिवशी ते खरंच जात. घोंगडीवर बसत, चहा पीत, म्हैस कितवी व्याली, पोरगं कितवीत आहे, पावसात छप्पर कुठं गळतं, सगळं विचारत. घरातली माणसं हळूहळू अवघडत जात, कारण आबा कशासाठी आलेत हे सगळ्यांना ठाऊक असे, आणि आबा तेवढंच सोडून सगळं बोलत. शेवटी अंगणात पायताण घालता घालता एक वाक्य टाकत. "काल कॅन आपटलास. आपटू नगंस." आणि निघून जात.

मारुती नावाच्या गड्यानं एकदा हातच जोडले. "आबा, हितंच दोन थोबाडीत द्या, पर घरी येऊ नगासा. मागल्या येळंपास्नं बायको रोज इचारती, आज काय आपटलं?"

नव्वदनंतरची ती वर्षं. मी वरकुट्याचा, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा वडिलांनी ते आठ दिवस देव्हाऱ्यात ठेवलं होतं. मी पाळीचा अधिकारी झालो, म्हणजे कागदावर आबांचा वरिष्ठ. पण नेमणूक एक वर्षाच्या परीक्षेवर होती. वर्ष नीट गेलं तर कायम, नाहीतर परत वरकुटे. त्यामुळे माणसांकडून काम कसं करून घ्यावं, हे मी अगदी अभ्यासाला बसल्यासारखं शिकायला लागलो.

कंपनीनं बारामतीत नेतृत्वगुणांचं तीन दिवसांचं शिबिर ठेवलं. पुण्याहून टाय लावलेले एक गृहस्थ आले होते. ते पडद्यावर अक्षरं पाडत, मी वहीत उतरवून घेई. शेजारी आबा हाताची घडी घालून बसलेले.

"चूक दिसली की चोवीस तासांच्या आत सांगा," गृहस्थ म्हणाले. "माणसावर बोलू नका, कामावर बोला."

आबांनी हात वर केला. "आन् च्या कवा घ्यायचा?"

"चहा अकराला आहे, आजोबा."

"तसं न्हाय. त्येच्या घरी."

गृहस्थांनी हातातले कागद पुढं-मागं चाळले. त्यात ते नव्हतं.

शिबिराहून आलो आणि महिन्याभरातच शिकलेलं वापरायची वेळ आली. बबन नावाचा गडी धक्क्यावर वासाचं काम करायचा. कॅनचं झाकण काढायचं, वास घ्यायचा, दूध आंबलं असेल तर कॅन बाजूला काढायचा. त्याच्या नाकाची ख्याती होती. पण एका आठवड्यात दोनदा त्यानं आंबलेले कॅन सोडले आणि चांगल्या दुधाचं वाटोळं झालं. मी आयुष्यातला पहिला मेमो लिहिला. बबनची नोकरी जाईल, इतका कडक.

आबांनी तो एकेक अक्षर लावत वाचला. "अक्षर झ्याक हाय, सायेब. च्या घेतला का ह्येच्या घरी?"

"आबा, मी अधिकारी आहे."

"म्हनून तर."

मला राग आला, पण कुतूहलही वाटलं. मेमो खिशात घालून लासुर्ण्याला बबनच्या घरी गेलो. बातमी माझ्या आधी पोचली होती. ओसरीवर भावकीतली पाच म्हातारी माणसं फेटे बांधून बसलेली, बबन धुतलेल्या सदऱ्यात. त्याची बायको चुलीवर दूध ठेवून आमचं बोलणं ऐकायला दाराशी आली, आणि दूध उतू जाऊन चुलीत पडलं. करपल्याचा असा भपकारा आला, की म्हाताऱ्यांनी उपरण्याची टोकं नाकाला लावली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बबन मात्र चुलीपासून हातभर अंतरावर, तिकडं पाठ करून, मला त्याच्या म्हशीचं कुळ सांगत होता. म्हशीच्या आजीपर्यंत आला होता.

"बबन," मी विचारलं, "कसला वास येतोय?"

तो थांबला. त्यानं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. नाकाला लावलेली उपरणी पाहिली.

"येत न्हाय, सायेब," तो म्हणाला. "पडसं झालतं त्येवापास्नं. तीन म्हैनं झालं."

त्यानं हे बायकोलाही सांगितलं नव्हतं. नाक गेलं म्हटल्यावर धक्क्यावर आपला काय उपयोग, या भीतीनं तीन महिने तो नुसता झाकणं उघडून वाकत होता.

मेमो खिशातच राहिला. बबनला मी वजनकाट्याच्या कामावर घेतलं. त्यानंतर धक्क्यावरची माणसं मी घालायच्या आधीच मला रामराम घालू लागली. आबांनी शाबासकी दिली नाही. "साखर बरी व्हती का?" एवढंच विचारलं.

मी विचारलं, "आबा, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"बापाची मेंढरं व्हती. चालत्या कळपात लंगडं मेंढरू दिसत न्हाय, सायेब. धूळच लई. सांजच्याला जाळीच्या वाड्यात बसली म्हंजी मग एकेकाचा पाय बघायचा."

"आणि तुमच्या घरी कोण कोण असतं?"

"गाडी आली बगा," म्हणून आबा उठून गेले. गाडी आलेली नव्हती.

मी धक्क्यावर चौकशी केली. आबांची वस्ती कुठली, हे सगळ्यांना माहीत होतं. आत कुणीच गेलेलं नव्हतं. मारुतीला विचारलं तर तो म्हणाला, "मुकादमाच्या घरी आमी कशाला जातोय? त्येंचं कुटं काय चुकतंय?"

पण चुकलं. माझं वर्ष संपायला महिना राहिला होता आणि आबांची नोकरी संपायला चार. एके दुपारी वीज गेली आणि तासाभरानं आली. वीज आली की दूध थंड करणारं यंत्र पुन्हा चालू करवून घेणं आबांचं काम. इतक्या वर्षांत ते कधी विसरले नव्हते. त्या दिवशी विसरले. टाकीभर दूध कोमट झालं, टँकर पुण्याच्या वेशीवरून परत आला.

मॅनेजरांनी मला बोलावलं. "मेमो तुमच्या सहीनं जाईल. नाही गेला, तर तुम्हाला कायम करायचं की नाही, याचा मला विचार करावा लागेल."

मी मेमो लिहिला. या वेळी अक्षर चांगलं आलं नाही. चार महिन्यांनी ज्यांना नारळ-शाल देऊन निरोप द्यायचा, त्यांच्या नोकरीच्या कोऱ्या पुस्तकात हा डाग माझ्या हातानं पडणार होता. कागद घेऊन धक्क्यावर गेलो. आबा पाण्याची नळी धरून उभे होते. सगळे पाहत होते. मला तो कागद तिथं काढवेना.

"आबा," मी म्हणालो, "उद्या येतो चहाला."

तिसांचे साठ हात थांबले. आबांनी मुंडाशावरची टोपी काढली, झटकली, परत घातली.

"या की," ते म्हणाले. "किती वाजता?"

दुसऱ्या दिवशी वस्तीच्या वाटेवरच एका म्हातारीनं मला अडवलं. "आबाला रागवाय येनार त्ये सायेब तुमीच का? काल सांजच्यापास्नं सांगत सुटलंय म्हातारं साऱ्या वस्तीला."

दोन खोल्यांचं घर, अंगणात सडा. चुलीपुढं शेजारची सून चहा करत होती. आबांच्या घरात चहा-साखर त्या दिवशीच आली होती. कारभारीण जाऊन पुष्कळ वर्षं झालेली. एकच मुलगी, नरसिंहपूरला दिलेली. मी घोंगडीवर बसलो आणि आबा विचारायचे ते सगळं विचारलं. आबा उत्तरं देत होते, आणि न विचारलेलंही सांगत होते. मुलीनं शिवलेली पिशवी दाखवली, दारचा पेरू दाखवला, शेळीला नावानं हाक मारून बोलावून घेतलं. ती आली नाही, तर जाऊन उचलून आणली.

मग मी उठलो. अंगणात येऊन चपला घातल्या. आबा समोर उभे राहिले, हात पुढं जोडून, शाळेतल्या पोरासारखे.

"यंत्र चालू करायचं राहिलं, आबा."

"ऱ्हायलं. व्हय." त्यांनी हात पुढं केला. "कागद आना हिकडं."

उंबऱ्यावर बसून, गुडघ्यावर कागद ठेवून, त्यांनी सावकाश आपलं पूर्ण नाव लिहिलं. बापाच्या नावासकट. कागद परत देताना म्हणाले, "आता कायम व्हाल न्हवं तुमी?"

मी मान हलवली आणि वळलो.

"सायेब."

"काय, आबा?"

"येवडंच?"

"एवढंच, आबा."

ते उंबऱ्यावरच जरा बाजूला सरकले. मग म्हणाले, "बसा की वाईच. इतकी वर्सं नोकरी झाली, आनिक बी काय काय चुकलं आसंल माजं. जरा आटवून बगा."

मी चपला काढल्या.