राणीला चेन नसती

आमच्या थोरल्या जाऊबाई, गयाअक्का, माणसाचं तोंड पाहत नाहीत, बाही पाहतात. चौसाळ्याच्या बाजारात कुणी नमस्कार केला की यांची नजर मनगटावर. "लई आखूड," म्हणतात आणि पुढं जातात.

अक्का बायकांचे कपडे शिवतात. भावजी गेल्यापासून एकट्या राहतात. त्यांच्या-आमच्यात एक भिंत. त्यांचं मशीन चाललं की आमच्या मांडणीवरचे पेले वाजतात. मागं शाळेतल्या बाईंनी गॅदरिंगसाठी त्यांना मोबाइलवर एक चित्र दाखवलं. परदेशातल्या जुन्या किल्ल्यांच्या काळातला राणीचा मखमली झगा. कोपरापासून जमिनीपर्यंत लोंबत्या बाह्या आणि पाठीवर, बुटाला असते तशी, आडवीतिडवी नाडी.

अक्कांनी नमुन्याला एक शिवला आणि तिथंच बिघडल्या. मग जादूच्या मालिका बघायचा सपाटा.

"ही परी बघ, ही चेटकीण, हा दाढीवाला जादूगार. समद्यांनी त्या एका राणीच्याच बाह्या उचलल्यात. बाही लोंबली की माणूस खरं वाटत न्हाई."

पुढच्या महालक्ष्म्यांना आमच्या ज्येष्ठेच्या पोलक्याची बाही थेट खाली बसवलेल्या बाळाच्या डोक्यावर आली. हळदीकुंकवाच्या बाया बघतच राहिल्या. अक्का शांतपणे म्हणाल्या, "देवी हाय. तिला कुठं भाकरी थापायच्यात?"

गल्लीभर त्यांचं नाव पडलं, मखमल मास्तरीण. आजवर बोलले नाही, पण ते नाव मीच पाडलं. त्यांच्याकडं जाणंही कमी केलं. गेलं की टेप घेऊन दंडाला लागायच्या.

यंदा गॅदरिंगला पऱ्यांचा नाच होता. शाळेतल्या बाई म्हणाल्या, "अक्का, मागं चेन लावा. पोरींना आपलं आपण घालता आलं पाहिजे."

"राणीला चेन नसती. राणीला दासी असती."

"मग आम्ही बीडहून भाड्यानं आणतो."

"आणा. चेनीची परी मी शिवत न्हाई."

बाई गेल्या. आमच्या मांडणीवरचे पेले गप्प झाले. वर्षातलं हे एकच काम अक्का जीव लावून करायच्या, ते मला त्या शांततेत कळलं. चार दिवसांनी त्या स्वतःच शाळेत गेल्या. "रांगेत उभ्या करू. मागची पोरगी पुढचीची नाडी आवळंल." बाई वैतागून हो म्हणाल्या.

गॅदरिंगच्या दिवशी पऱ्यांची रांग लागली. पुढची ओरडते, "जीव घेती का गं!" मागची आणखी ओढते. एकीची बाही जिलबीच्या पाकात जाऊन आली. शेवटच्या पोरीच्या मागं कुणी नव्हतं, म्हणून तिथं अक्का उभ्या राहिल्या. अक्कांच्या मागं नुसती भिंत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी उगाचच वाटीत चिवडा घेऊन गेले. दार लोटलेलं होतं. आत अक्का पाठमोऱ्या, अंगात तोच पहिला, नमुन्याचा झगा. घड्यांवर मखमल पांढरी पडलेली. माप त्यांचंच. पाठ उघडी आणि नाडी खाली लोंबत होती.

मला हसू यायला हवं होतं.

त्या वळल्या नाहीत. "कुसुम, कावून उभी राहिलीस? आवळ की."

मी वाटी ठेवली. खालपासून एकेका काजातून नाडी ओवत वर गेले, मानेपाशी गाठ मारली.

"छान बसलाय, अक्का."

त्यांनी बाह्या सावरल्या.

"न्हाई, ढिला हाय," त्या म्हणाल्या. "सोड. परत बांध."